नवी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ : जुन्या चाहत्यांनी पाहावी का? (स्पॉयलर आहेत)

ध्रुवमत्स्य

१९७८ सालची मूळ ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही माझी पहिली विज्ञानकथा मालिका. प्रसारणानंतर बऱ्याच वर्षांनी कॅसेटवर पाहिली, पण अशी पाहिली की चोवीसच्या चोवीस भाग तोंडपाठ झाले. लॉर्न ग्रीनचा अ‍ॅडामा, रिचर्ड हॅचचा अपोलो, डर्क बेनेडिक्टचा सिगार ओढत पत्ते खेळणारा स्टारबक. माणसांचे शत्रू असलेले यंत्रमानव म्हणजे सायलॉन, त्यांच्या डोळ्यात इकडून तिकडे सरकणारा तो लाल दिवा आणि त्यांचा यंत्रातून गाळून आल्यासारखा आवाज. शेवटच्या भागाच्या शेवटी अपोलो ११ च्या चंद्रावतरणाचं प्रक्षेपण पडद्यावर उमटतं आणि ते बघायला तिथे कुणीच थांबलेलं नसतं. त्या प्रसंगाने मी आजही अस्वस्थ होतो.

२००३ मध्ये रोनाल्ड मूरने ही मालिका नव्याने मांडली, तेव्हा मी ती बघायची नाही असं ठरवलं. स्टारबक बाई, बूमर बाई, सायलॉन हुबेहूब माणसासारखे. नावं तेवढी ठेवली आणि आतलं सगळं उपसून टाकलं, असं माझं मत होतं. हे मत न बघता बनवलं होतं आणि वीस वर्षं जपलं. मागच्या आठवड्यात धाकटा भाऊ हटून बसला म्हणून सुरुवातीची मिनिसिरीज पाहिली, आणि आता डोक्यात नुसता गोंधळ आहे. राग यायला हवा होता, तो आला नाही.

तर प्रश्न असा: रीबूट करताना नेमकं काय राखलं तर ती ‘तीच’ मालिका राहते? पुढचे चार सीझन पाहावेत का? स्पॉयलर चालतील, मोकळेपणाने लिहा.

शर्मिष्ठा_तारा

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

तिरपी_कक्षा

बघा. पुढचाच भाग ‘३३’ आहे. तो बघितल्यावर हा प्रश्न उरणार नाही.

मृगशीर्ष

मी जुन्या गटातला. नवी पूर्ण पाहिली, दोनदा पाहिली, आणि तरी माझी तक्रार कायम आहे.

जुन्या मालिकेत आशा होती. माणसं हरली होती, पण एकमेकांवर त्यांचा विश्वास होता. अपोलो आणि स्टारबकची मैत्री, अ‍ॅडामाचं मुलावरचं प्रेम, बॉक्सीचा तो यांत्रिक कुत्रा मफिट. नव्या मालिकेत जो तो दारू पिणारा, खोटं बोलणारा, नाहीतर दुसऱ्याला एअरलॉकमधून बाहेर फेकायला निघालेला. वास्तव म्हणजे फक्त अंधार, असं समीकरण त्यांनी मांडलं आणि ते मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. १९७८ मध्ये कर्नल टाय आणि बूमर या दोन्ही महत्त्वाच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांकडे होत्या: टेरी कार्टर आणि हर्बर्ट जेफरसन. नव्या मालिकेत दोन्ही जागा गेल्या. स्टारबक स्त्री झाल्याबद्दल सगळे पुरोगामी म्हणून टाळ्या वाजवतात, पण हे दुसरं पान उलटत नाहीत.

खगोलवेडी

मृगशीर्ष, दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. मायकेल होगनचा टाय अफाट आहे, नवी बूमर झालेली ग्रेस पार्कही उत्तम. पण जे गेलं ते गेलं, याची नोंद व्हायलाच हवी.

पहिल्या मुद्द्याशी मात्र भांडण आहे. जुन्या मालिकेची कथा एका वाक्यात सांगून बघा. बारा वसाहती एका फटक्यात बेचिराख, उरलेली माणसं दोनशे वीस जहाजांत कोंबलेली, मागे शत्रू, पुढे ‘पृथ्वी’ नावाची दंतकथा. यापेक्षा काळोखी कथा असेल का? आणि तिच्या पहिल्याच भागात ही माणसं कॅरिलॉन ग्रहावर पोहोचतात, तिथे जुगारगृह असतं, आणि सगळे मजेत खेळायला लागतात. घरदार जळून किती दिवस झाले होते? अंधार मूरने बाहेरून आणला नाही. तो १९७८ च्या कथेतच होता, फक्त त्याकडे कुणी डोळे लावून बघितलं नव्हतं.

मृगशीर्ष

ते जुगारगृह मीही कधी समर्थनीय मानलं नाही. पण परिस्थिती लक्षात घ्या. आधी हे दोन-तीन मोठे टीव्ही-चित्रपट व्हायचे होते. मग एबीसी वाहिनीने अचानक साप्ताहिक मालिका मागितली. रविवारी संध्याकाळी, सगळ्या कुटुंबाने बसून बघायची वेळ. संहिता धावतपळत लिहिल्या गेल्या. जॉन डायक्स्ट्राच्या चमूने केलेली अंतराळयुद्धाची दृश्यं इतकी खर्चिक होती की तोच व्हायपर (गॅलॅक्टिकाचं छोटं लढाऊ विमान) तोच वळसा घेऊन तेच सायलॉन यान दर आठवड्याला उडवायचा. एवढ्या अडचणीत मूळ निर्माता ग्लेन लार्सनने जे उभं केलं ते थोडं नाही.

अनामिक_उल्का

तो वळसा! आम्ही भावंडं ‘आता उजवीकडून येणार’ असं आधीच ओरडायचो. एकदाही चुकलो नाही.

शर्मिष्ठा_तारा

आले. रुमाल उचलते.

ध्रुवमत्स्य, तुम्ही मिनिसिरीज पाहिली आहे म्हणून तिथूनच सुरुवात. गॅलॅक्टिका ही युद्धनौका का वाचते, आठवा. ती निवृत्त होऊन संग्रहालय होणार असते. बाकीच्या नव्या युद्धनौका एकमेकींना संगणकांनी जोडलेल्या, म्हणून सायलॉन त्यांच्यात शिरतात आणि एका क्षणात त्या आंधळ्या होतात. म्हाताऱ्या अ‍ॅडामाने मात्र आपल्या जहाजावर संगणकांचं जाळं कधीच होऊ दिलेलं नसतं. तारेचे फोन, कागदी नकाशे. आणि लढायला कोणती विमानं उरतात? प्रदर्शनात मांडलेली मार्क टू व्हायपर, म्हणजे जवळपास १९७८ चीच व्हायपर.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडले होते. नव्या काळाने जुन्याला हिणवायचं ठरवलं असतं तर कथा अशी लिहिली नसती. जुनं जहाज जुनं आहे म्हणूनच तगतं, हा या रीबूटचा पहिला प्रसंग आहे. त्या संग्रहालयात काचेमागे जुन्या पद्धतीचा चकचकीत सायलॉनही उभा आहे. निरोप समारंभात विमानं डोक्यावरून जातात तेव्हा स्टू फिलिप्सची मूळ धून वाजते. ऐकली का?

ध्रुवमत्स्य

ऐकली. त्याच क्षणी भावाकडे बघितलं, तो नुसता विमानं बघत होता. त्याला काय वाजतंय ते माहीतच नव्हतं.

संग्रहालयाची बाजू मात्र मी अशी पाहिलीच नव्हती. मला ते जुन्याला काचेत बंद करणं वाटलं होतं.

रेडिओशांत

भौतिकशास्त्राच्या बाजूने दोन शब्द, मला तेवढंच कळतं. जुने व्हायपर हवेत उडणाऱ्या विमानासारखे झुकून वळायचे. अंतराळात हवा नाही, त्यामुळे असं वळण शक्य नाही. नव्या मालिकेत व्हायपर इंजिन बंद करून जागच्या जागी अर्धी गिरकी घेतं, वेग पूर्वीच्याच दिशेला चालू राहतो आणि ते मागे तोंड करून गोळ्या झाडतं. जडत्वाचा नियम पडद्यावर इतका देखणा क्वचितच दिसतो. लेझरऐवजी साध्या गोळ्या आणि अण्वस्त्रं. आवाज आहेत, पण दाबलेले, जणू यानाच्या पत्र्यातून येतायत. कॅमेराही हातात धरल्यासारखा डळमळतो आणि लक्ष्य शोधत झूम करतो, मग संगणकीय चित्रसुद्धा बातमीच्या चित्रणासारखं खरं वाटतं.

आणि ‘३३’ बद्दल. सायलॉन दर तेहतीस मिनिटांनी हजर, दर वेळी सगळ्या ताफ्याने क्षणात दूर नेणारी उडी मारून पळायचं. भागात २३७ उड्यांचा उल्लेख येतो. २३७ गुणिले ३३ म्हणजे ७८२१ मिनिटं, म्हणजे पाच दिवस, दहा तास, एकवीस मिनिटं. एवढा वेळ कुणीच झोपलेलं नाही. संवाद ऐकण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघा.

तिरपी_कक्षा

गुणाकार करून दाखवल्याबद्दल आभार, मी इतकी वर्षं नुसता अंदाज धरून होतो. त्या भागाला विज्ञानकथांसाठीचा २००५ चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण मला त्यातला शेवट सांगायचाय. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन फळ्यावर वाचलेल्यांचा आकडा लिहून ठेवते. भागभर तो कमीच होत जातो. शेवटी कळतं की ताफ्यात एक बाळ जन्मलंय. ती जाऊन आकडा पुसते आणि एकाने वाढवते. मृगशीर्ष, आशा म्हणाल तर ती ही. पन्नास हजारांत एक.

मृगशीर्ष

तो प्रसंग सुंदरच आहे. ही आशा मान्य.

पायलट_नसलेला

चर्चेत स्टारबकवर कुणीच थांबेना म्हणून मी थांबतो. त्या वेळचा गदारोळ आठवतोय का? डर्क बेनेडिक्टने जाहीर लेख लिहून स्त्री-स्टारबकवर झोड उठवली होती. स्वतः नवा अ‍ॅडामा झालेल्या ऑल्मोसने पत्रकारांसमोर सांगितलं होतं की मूळ मालिकेचे कट्टर चाहते असाल तर हे बघूच नका. मुख्य नटच प्रेक्षकांना जा म्हणतोय!

माझं मत: बेनेडिक्टचा स्टारबक हा हसरा, बेफिकीर, कुणाला सापडणार नाही असा. केटी सॅकहॉफची स्टारबक तितकीच बेफिकीर आहे, पण त्या बेफिकिरीखाली आईने केलेला छळ आहे, स्वतःच्या चुकीमुळे मेलेला प्रियकर आहे. पत्ते तेच, सिगार तोच. मला पहिल्या भागात ती खटकली होती. पहिला सीझन संपेपर्यंत मी विसरलो की ही भूमिका कधी पुरुषाची होती. आणि असं विसरायला लावणं सोपं नाही हो.

अनामिक_उल्का

आणि त्या लाडक्या शिवीचं काय? जुन्या मालिकेत तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाच अक्षरं होती, नव्यात चार केली. यावर परदेशी चाहते तावातावाने भांडतात. देवनागरीत दोन्ही वेळा ‘फ्रॅक’च. आपण त्या भांडणातून सुटलो.

खगोलवेडी

शिव्यांनंतर एकदम मंत्राकडे. अवांतर आहे, पण सांगायचंच आहे. मी ही मालिका हेडफोन लावून बघायला घेतली. शीर्षकगीत सुरू झालं आणि मी थबकले. ‘भर्गो देवस्य धीमहि’. मागे जाऊन पुन्हा ऐकलं, तरी विश्वास बसेना.

शर्मिष्ठा_तारा

हो, तो गायत्री मंत्रच आहे, रिचर्ड गिब्सच्या संगीतात. उच्चार जरा वेगळे असल्यामुळे पहिल्यांदा पटकन कळत नाही. यात माणसं अनेक देव मानणारी आणि सायलॉन एकेश्वरवादी आहेत. अनेकदेवतांच्या संस्कृतीसाठी त्यांना एखादी प्राचीन प्रार्थना हवी असावी, असा माझा अंदाज. मुळात लार्सननेही आपल्या मॉर्मन श्रद्धेतल्या कल्पना वापरल्याच होत्या. माणसांच्या मूळ ग्रहाचं कोबोल हे नाव, बारा जणांची परिषद हे सगळं तिकडचं, आणि मूरने ते तसंच ठेवलं. म्हणजे ध्रुवमत्स्य, ‘आतलं सगळं उपसलं’ हे काही खरं नाही.

रेडिओशांत

संगीताचा विषय निघाला म्हणून: नव्या मालिकेचा संगीतकार बेअर मॅक्रेरी, त्याचे ढोल! अंतराळयुद्धात तुताऱ्या नाहीत, नुसता तालवाद्यांचा गडगडाट.

मृगशीर्ष

पेगॅसस प्रकरणावर बोलू या, तिथे तुलना सरळ करता येते. दोन्हींत हरवलेली दुसरी युद्धनौका सापडते, दोन्हींत तिचा सेनानी केन. १९७८ मध्ये लॉइड ब्रिजेसचा केन हा धाडसी, थोडा अतिउत्साही, पण लोभस वीर. २००५ मध्ये मिशेल फोर्ब्सची अ‍ॅडमिरल केन नागरी जहाजांचे सुटे भाग आणि कामाची माणसं काढून घेते आणि बाकीच्यांना मरायला सोडून जाते. मला दोन्ही आवडतात, पण ही दुसरी बघताना घशाशी येतं. दोन रात्री झोप आली नव्हती. लहान मुलाबरोबर मी जुनीच बघेन.

पायलट_नसलेला

पण तो फरकच उत्तर आहे ना? जुना केन युद्धावर प्रेम करतो आणि मालिका त्याच्यावर प्रेम करते. नवी मालिका विचारते की असं युद्धावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हाताखाली राहायला कसं वाटेल. प्रश्न जुन्यानेच पेरला होता. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर खास चर्चासत्र झालं, मानवी हक्क आणि दहशतवाद या विषयांवर. करमणुकीच्या मालिकेच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

तिरपी_कक्षा

मला वाटतं या धाग्यात ज्याचं नाव सगळ्यात आधी यायला हवं होतं, तो माणूस राहिलाच. रिचर्ड हॅच. मूळ अपोलो.

या माणसाने जुन्या कथेचा पुढचा भाग व्हावा म्हणून वर्षानुवर्षं जीव टाकला. १९९९ मध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून ट्रेलर बनवला, संमेलनांत दाखवला. चाहत्यांनी डोक्यावर घेतला, निर्मात्यांनी नाही. मग आलं मूरचं रीबूट, सगळं नव्याने, हॅचच्या कथेला त्यात जागाच नाही. तो उघडपणे विरोधात होता. आणि मूरने त्यालाच बोलावून टॉम झारेक ही भूमिका दिली. कैदेतला क्रांतिकारक, हुशार, धोकादायक, चार सीझनभर येत राहणारा. नव्या अपोलोसमोर, जेमी बॅम्बरसमोर, जुना अपोलो उभा राहतो तो पहिला प्रसंग बघा. हॅच एकही शब्द जुन्या मालिकेबद्दल बोलत नाही, तरी दोघांमध्ये पंचवीस वर्षं उभी आहेत.

ज्याचं सर्वांत जास्त गेलं होतं तो आत आला आणि त्याने झोकून काम केलं. २०१७ मध्ये तो गेला, तेव्हा दोन्ही गटांचे चाहते सारखेच हळहळले.

ध्रुवमत्स्य

तिरपी_कक्षा, हे वाचून गलबलून आलं. तो ट्रेलर मला माहीत होता. झारेकबद्दल फक्त ‘हॅच फितूर झाला’ एवढंच ऐकलं होतं आणि तेही मी खरं मानलं. आज रात्री ‘३३’ लावतोय.

अनामिक_उल्का

लावा! आणि उद्या लवकर उठायचं असेल तर नका लावू. एक झाला की पुढचा लागतोच.

खगोलवेडी

शेवटाबद्दल आधीच इशारा द्यावा का? तिथे आमचे चाहतेही दुभंगतात.

रेडिओशांत

द्या, त्यांनी स्पॉयलर चालतील म्हटलंय.

माझा आक्षेप शास्त्रीय आहे. शेवटी दीड लाख वर्षांची उडी घेऊन सांगितलं जातं की हेरा, म्हणजे माणूस आणि सायलॉन यांची मुलगी, ही ‘मायटोकाँड्रियल ईव्ह’ आणि तिचे अवशेष सापडले. ही संकल्पना अशी नाही. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. आज जिवंत असलेल्या सगळ्यांची आई, आईची आई, अशी साखळी मागे नेली की ती एका स्त्रीपाशी मिळते. पण तिच्या काळात ती एकटी नव्हती. इतर हजारो स्त्रियांचं रक्तही आपल्यात आहे, फक्त त्यांची अखंड आई-मुलगी साखळी कुठेतरी तुटली. ही गणिताने काढलेली पूर्वज आहे, हाडं बघून ‘हीच ती’ असं ओळखता येत नाही. जडत्वाचा नियम इतका नीट पाळणाऱ्यांनी इथे घाई केली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायलट_नसलेला

मला डीएनए चालला, स्टारबकचं नुसतं अदृश्य होणं नाही चाललं. आणि आधीच्या सीझनमध्ये भागाच्या सुरुवातीला सायलॉनकडे एक योजना आहे असं लिहून यायचं, ती योजना लेखकांकडेच नव्हती. त्यांनीच नंतर सांगितलं.

शर्मिष्ठा_तारा

मी शेवटाच्या बाजूने, एकटी असले तरी. तिथे काहीतरी वाजतं. ते मी सांगणार नाही, स्पॉयलर चालत असले तरी. ध्रुवमत्स्य, तुम्ही स्वतः ऐका.

मृगशीर्ष

ते मात्र मीही सांगणार नाही.

ध्रुवमत्स्य

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. काल रात्री शेवटचा भाग संपला.

आधी हिशेब. तिसऱ्या सीझनच्या मधले काही भाग रखडतात, ते भावानेही मान्य केलं. मायटोकाँड्रियाबद्दल रेडिओशांत यांच्याशी सहमत. टाय आणि बूमरबद्दल मृगशीर्ष यांच्याशी सहमत, आणि तरी टाय हा माझा सगळ्यात आवडता माणूस ठरला. रॉझलिन विमानात बसून खालचा निसर्ग बघते, तिथून पुढे मी बोलू शकत नव्हतो.

आणि मग तुम्ही दोघांनी न सांगितलेला प्रसंग. सायलॉन निघालेला अँडर्स सगळा ताफा घेऊन सूर्याकडे निघतो, गॅलॅक्टिका पुढे, आणि १९७८ ची धून सुरू होते. यावेळी हळू, पूर्ण. पहिल्या दोन सुरांत ओळखली आणि मी उभाच राहिलो. दर भागाला सवितृदेवाची प्रार्थना कानावर पडत होती आणि ही सगळी जहाजं शेवटी त्याच्याचकडे निघाली, हे रात्री दोन वाजता लक्षात आलं.

मी विचारलं होतं की काय राखलं तर मालिका तीच राहते. माझ्यापुरतं उत्तर त्या दोन मिनिटांत मिळालं. त्यांना ते जहाज माझ्याइतकंच प्रिय होतं. ते मला वीस वर्षं माहीत नव्हतं.

भावाने विचारलं, उभा का राहिलास? सगळं सांगितलं. आता त्याला जुनी बघायची आहे. रविवारी १९७८ चा पहिला भाग लावतोय. जुगारगृह आलं की त्याला काय सांगायचं, तेवढं सुचवा.

मृगशीर्ष

काही सांगू नका. त्याआधी मफिट येतो. त्या यांत्रिक कुत्र्याच्या पोशाखात एक चिंपांझी होती, एवढं आधी सांगून ठेवा. मग जुगारगृहाकडे त्याचं लक्षच जाणार नाही.

अनामिक_उल्का

आणि व्हायपर उजवीकडून येणार, हेही सांगा.